अंदिजानच्या ओपांशी काय बोलू?

'माझी मुलगी उझबेकिस्तानात अंदिजानला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. येत्या मार्चमध्ये नवरोझच्या सुमारास 15 दिवस मी तिच्याकडे जाणार आहे, आयुष्यातला पहिलाच परदेश प्रवास. ती जिथे भाड्याने राहते त्या घरमालकीणबाई निवृत्त शिक्षिका आहेत, शाळेत साहित्य शिकवायच्या. मुलगी त्यांना ओपा म्हणते, म्हणजे ताई. मीही 30 वर्षं मराठी शिकवलं. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर त्यांनी मुलीमार्फत विचारलं, "आमच्या कुणाचं काही वाचलंय का?" मला एक नाव आठवेना. शेजारी बसलेले आमचे हे म्हणाले, "बाबराशिवाय आहे काय त्यांच्याकडे?" मुलीने ते सांगितलं नाही, पण बाबर एवढा शब्द ओपांनी ऐकला आणि त्या खुलल्याच. "आमच्या गावचा!" म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाण्याआधी कोणाकोणाला वाचू? यादी द्याल का? आणि त्यांच्या घरात बाबराचा विषय निघाला तर काय बोलू?'
– एक आई, कराड

ताई,

यादी देत नाही. 30 वर्षं शिकवलंय तुम्ही. पाठ केलेली नावं घडाघडा म्हणणारं मूल आणि एकच धडा मनापासून वाचून आलेलं मूल, यांतला फरक तुम्हाला पहिल्या वाक्यातच कळत असणार. ओपांनाही तो कळेल. म्हणून जाण्याआधी एक कादंबरी, एक कथा आणि बाबराच्या आठवणींतली, म्हणजे 'बाबरनामा'तली, थोडी पानं, एवढंच वाचा. बाकीची नावं ओघात येतील.

कादंबरी अब्दुल्ला कादिरी यांची. 'ओत्कन कुनलार', म्हणजे गेलेले दिवस. उझबेक भाषेतली ही पहिली कादंबरी मानतात. 1922 मध्ये तिचे भाग मासिकात येऊ लागले, पुस्तक त्यानंतर तीन-चार वर्षांत झालं. अलीकडे तिची इंग्रजीत एकाहून अधिक भाषांतरं झाली आहेत, त्यातलं जे हाती लागेल ते घ्या. ही निवड मी थोडी तुमच्या प्रवासाकडे बघूनही केली आहे. तुम्ही बहुतेक ताश्कंदला उतरून रेल्वेने अंदिजानला जाल. ती गाडी कामचिक घाटाखालच्या 19 किलोमीटरच्या बोगद्यातून फरगाणा खोऱ्यात उतरते आणि कोकंद, मर्गिलान करत अंदिजानला पोचते. कादंबरीचा नायक ओताबेक याच मुलखात घोड्यावरून खेपा घालतो. आईवडील ताश्कंदला, बायको मर्गिलानला, मध्ये डोंगर. सगळी गोष्ट त्या अंतरावर उभी आहे.

पहिलंच पान बघा. हिजरी 1264, म्हणजे साधारण 1848 साल. हिवाळ्यातली संध्याकाळ, सूर्य नुकताच मावळलाय, चहूबाजूंनी अजान ऐकू येतेय. मर्गिलानमधल्या एका सराईत, म्हणजे मुसाफिरखान्यात, गावोगावचे व्यापारी दिवसभराची कामं आटोपून आपापल्या खोल्यांत परतलेत. त्यात एकच खोली निराळी आहे. बाकीच्या खोल्यांत जमिनीवर नमदे, इथे लाल गालिचा. बाकीच्यांकडे जाड्याभरड्या कापडाच्या गोधड्या, इथे रेशमी. बाकीच्यांकडे धूर ओकणारा दिवा, इथे मेणबत्ती. माणूस अजून नीटसा दिसलेलाही नाही, पण तो कोणत्या घरातला आहे हे आपल्याला कळून चुकलेलं असतं. असं पान हाती आलं की वर्गात उभं राहून मोठ्याने वाचून दाखवावंसं वाटतं, नाही का?

या ओताबेकचं लग्न मर्गिलानच्या कुमुशशी होतं, आणि तिकडे ताश्कंदला त्याच्या आईला ही परगावची सून मुळीच पसंत नसते. एकुलत्या एका मुलाचं लग्न आपल्या हाताने, आपल्या गावात, आपल्या पसंतीने करायची तिची हौस राहून गेलेली असते. ती हट्टाला पेटते, आणि शेवटी ओताबेकला झैनबशी दुसरं लग्न करावं लागतं. पुढचं मी सांगणार नाही. हेवा, खोटी पत्रं, सवतींचा संसार, सगळं त्यात आहे, आणि ज्या घरात ते घडतं ते घर आपल्याला परकं वाटत नाही. वाचून झालं की ओपांना एवढंच विचारा: तुम्हाला झैनबचा राग येतो की कीव येते? यादीतल्या 20 नावांनी होणार नाही एवढं बोलणं या एका प्रश्नातून होईल.

पण ही नुसती सासूसुनेची गोष्ट नाही. मागे कोकंदच्या खानांचं राज्य खिळखिळं होत चाललंय. ताश्कंदचे आणि कोकंदचे लोक एकमेकांवर उठलेत, किपचाक जमातीच्या लोकांची कत्तल होतेय, आणि उत्तरेकडून रशिया हळूहळू सरकतोय. ओताबेक व्यापारानिमित्त रशियन अमलाखालच्या गावात जाऊन आलेला असतो. तिथला कारभार आणि इथला कारभार यांतला फरक तो मोठ्या माणसांच्या बैठकीत बोलून दाखवतो. कादिरींनी प्रस्तावनेत म्हटलं आहे की मागे वळून बघून काम करणं हिताचं असतं, आणि म्हणून आपण खानांच्या काळातले सगळ्यांत मळके, काळे दिवस निवडले. स्वतःच्या इतिहासावर जीव असलेला माणूस त्या इतिहासाची लाज वाटणारी पानं उघडतो, याचं मला फार अप्रूप आहे.

1937 च्या शेवटच्या दिवशी कादिरींना अटक झाली. 4 ऑक्टोबर 1938 ला ताश्कंदमध्ये त्यांना गोळ्या घातल्या. त्याच रात्री कवी चोल्पान आणि नाटककार, विद्वान अब्दुररऊफ फितरत यांनाही. मृत्युदंडाच्या निकालावर तारीख 5 ऑक्टोबरची आहे. आधी मारलं, मग शिक्षा सुनावली. एका भाषेचा पहिला कादंबरीकार, तिचा नव्या वळणाचा कवी आणि तिचा सगळ्यांत मोठा अभ्यासक एका रात्रीत गेले. उझबेक साहित्याबद्दल दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, ही तारीख लक्षात ठेवा. पुढच्या 50 वर्षांत तिथे जे लिहिलं गेलं, जे लिहायचं राहिलं आणि जे घाबरत घाबरत लिहिलं गेलं, ते या रात्रीच्या उजेडात बघावं लागतं.

चोल्पान अंदिजानचाच, हे तुमच्या यजमानांना सांगा. म्हणजे ओपांचा गाववाला एकटा बाबर नव्हे. चोल्पान म्हणजे पहाटेची शुक्राची चांदणी, हे त्याचं टोपणनाव. त्याने हॅम्लेट उझबेकमध्ये आणलं. 'केचा वा कुन्दुझ', म्हणजे रात्र आणि दिवस, अशी दोन भागांची कादंबरी लिहायला घेतली. त्यातली 'रात्र' 1936 मध्ये छापून आली, 'दिवस' कुणाच्याच हाती लागला नाही. आणि आपल्याशी त्याचं एक खरंखुरं नातं आहे. 1925 मध्ये त्याने रवींद्रनाथ ठाकुरांवर एक लेख लिहिला, त्याचं नाव 'थोर हिंदी', म्हणजे थोर भारतीय. जुने कवी वाचतो तर सगळं एकसारखं, एकसारखं वाटतं, मन नवं काही शोधत राहतं, अशी त्यात तगमग आहे. ते नवं त्याला ठाकुरांमध्ये दिसलं.

फितरत बुखाऱ्याचे. आमिराच्या राज्यात उघड बोलायची सोय नव्हती, तेव्हा त्यांनी हिंदुस्थानचा आडोसा घेतला. त्यांच्या एका पुस्तकात बुखाऱ्याचा मदरशातला गुरुजी आणि एक युरोपीय माणूस हिंदुस्थानात भेटतात आणि नव्या पद्धतीच्या शाळा हव्यात की नकोत यावर वाद घालतात. दुसऱ्यात एक काल्पनिक हिंदी प्रवासी बुखारा बघायला येतो आणि तिथली घाण, आजार, अडाणी कारभार बघून हळहळतो. ही दोन्ही फारसीत लिहिलेली आणि इस्तंबूलला छापलेली. पुढे सोव्हिएत काळात 'हिंदी क्रांतिकारक' असं नाटकही त्यांनी लिहिलं, इंग्रजांविरुद्ध उठलेल्या तरुणांचं. स्वतःच्या देशाचं दुःख सांगायला त्यांना आपला देश लागला. हे ओपांना महाराष्ट्रातून आलेल्या पाहुणीच्या तोंडून ऐकायला आवडेल.

आता बाबर.

तुमच्या मनातली अडचण मला समजते. आपल्याकडे बाबर म्हटलं की पानिपत, खानवा, मोगल आणि त्यानंतरचं सगळंच डोळ्यांपुढे येतं. अंदिजानला मात्र तो बारा वर्षांचा, बाप गेलेला मुलगा आहे. त्याच्या आठवणी सुरूच अशा होतात: हिजरी 899 च्या रमजानमध्ये, बाराव्या वर्षी, मी फरगाण्याचा राजा झालो. बाप अख्सीच्या किल्ल्यात कबुतरखान्यासकट दरीत कोसळून गेला होता. मग हा मुलगा समरकंद जिंकतो, हरतो, अंदिजानही गमावतो आणि पुन्हा कधी कायमचा घरी परतत नाही. लढाया बाजूला ठेवून त्याची गावाबद्दलची पानं वाचा. अंदिजानची खरबुजं, नाशपती, आणि तिथले रानकोंबडे इतके पुष्ट की एकाचा रस्सा चार माणसांना संपत नाही! पुढे हिंदुस्थानचं राज्य हाती आल्यावर, एका जुन्या सरदाराला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की परवा खरबूज आलं, कापून खाल्लं आणि मन असं भरून आलं की मी रडलो. हे पत्र 1529 चं आहे, पुढच्याच वर्षी तो आग्र्यात वारला.

माझं मत विचाराल तर आक्रमक म्हणून त्याने जे केलं ते विसरायची गरज नाही आणि ओपांच्या घरी त्यावर वाद घालायचीही गरज नाही. बाबराचा विषय निघाला की खरबुजाचं पान काढा. त्या ते पान म्हणून दाखवतील अशी माझी खात्री आहे. आणि तुमच्या यजमानांना एक सांगा. या पुस्तकाचं मूळ तुर्की भाषेतलं सर्वांत चांगलं हस्तलिखित जगाला मिळालं ते दख्खनमध्ये, हैदराबादच्या सालारजंगांच्या संग्रहात. 1905 मध्ये त्याची हुबेहूब प्रत छापली गेली आणि तेव्हापासून अभ्यासक तिच्यावर विसंबून आहेत. अंदिजानच्या मुलाचे शब्द आपल्या शेजारच्या शहराने जपले होते.

एक नाजूक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. बाबर स्वतःला उझबेक म्हणवत नसे. त्याला समरकंदमधून हुसकावणाऱ्या शैबानी खानाचे लोक, ते त्याचे उझबेक. तो तैमूरच्या वंशातला आणि त्याची भाषा चगताई तुर्की. उझबेक प्रजासत्ताक 1924 मध्ये आखलं गेलं, त्यानंतर ही चगताई 'जुनी उझबेक' ठरली आणि जुने कवी राष्ट्राचे पूर्वज झाले. हे खरं आहे, पण पाहुणीने दुसऱ्याच्या घरात उकरून काढायचं नाही. भाषेचा धागा मात्र तुटलेला नाही. बाबर लिहितो की अंदिजानच्या बाजारात तुर्की न येणारा माणूस नाही, आणि तिथलं बोलणं थेट लेखणीला चालणारं आहे. कवी नवाई हेरातमध्ये वाढला तरी त्याचं लिखाण याच बोलीतलं, असंही तो म्हणतो.

नवाईवर थोडं थांबते, कारण भाषा शिकवणाऱ्या माणसाला तो हमखास आवडतो. अलीशेर नवाई (1441–1501) हेरातच्या सुलतान हुसेन बायकराचा दोस्त, दरबारी, मोठा धनी माणूस. त्या काळी शहाण्या माणसाने फारसीत लिहायचं अशी रीत. त्यालाही फारसी उत्तम यायची, फारसीत तो 'फानी' या नावाने कविता करायचा. पण पाच दीर्घ काव्यांचा 'खम्सा' त्याने तुर्कीत लिहिला, आणि आयुष्याच्या शेवटी, 1499 मध्ये, 'मुहाकमतुल लुगतैन' हे दोन भाषांचा निवाडा करणारं छोटं पुस्तक. त्यात फारसीत ज्यांना प्रतिशब्द नाहीत अशी 100 तुर्की क्रियापदं तो मांडतो. रडण्याचीच बघा. रडवेलं होणं वेगळं, आतल्या आत मुसमुसणं वेगळं, कण्हत रडणं वेगळं, गळा काढून रडणं वेगळं, बारीक आवाजात किंचाळत रडणं वेगळं. प्रत्येकाला एकेक तुर्की शब्द. आणखी एक मुद्दा असा की फारसीत थोरल्या आणि धाकट्या भावाला एकच शब्द, तुर्कीत आगा निराळा, इनी निराळा. थोरली बहीण निराळी, धाकटी निराळी. तुमच्या मुलीने घरमालकीणबाईंना 'ओपा' म्हटलं ना, तोच हा ताईपणाचा हिशोब. ओपांपुढे वही उघडून बसा आणि रडण्याचे मराठी शब्द सांगा: हुंदका, स्फुंदणं, टाहो, भोकाड. त्या त्यांचे सांगतील. भाषांतराला मुलगी आहेच.

नवाईची 500वी जयंती 1941 मध्ये यायची होती, तेवढ्यात युद्ध पेटलं. तरी त्या डिसेंबरमध्ये, लेनिनग्राडला वेढा पडलेला असताना, हर्मिटाज संग्रहालयाच्या थंडगार इमारतीत उपाशी अभ्यासकांनी ती साजरी केली. नवाईच्या कवितांची भाषांतरं तिथे वाचून दाखवणारा तरुण विद्वान त्यानंतर लवकरच भुकेने गेला.

कथा सुचवते ती तुमच्या लेकीसाठीही आहे, ती डॉक्टर होणार म्हणून. अब्दुल्ला कह्हार यांची 'बेमोर', म्हणजे आजारी माणूस. कह्हार कोकंदच्या बाजूचे, लोहाराचा मुलगा. 1930 च्या दशकात, ज्या वर्षांत थोरले लेखक उचलले जात होते, त्याच वर्षांत त्यांनी छोट्या, कोरड्या, घट्ट विणलेल्या कथा लिहिल्या. कथेच्या डोक्यावर एक म्हण असते. 'बेमोर'ची म्हण: आभाळ लांब, जमीन कठीण. सोतिबोल्दी नावाच्या गरीब माणसाची बायको आजारी पडते. मंत्र, उतारे, गावठी उपाय सगळे होतात. डॉक्टर म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे टांगा आणि 25 रुबलांची नोट उभी राहते. शेजारची म्हातारी सांगते, पहाटे लेकराची प्रार्थना देव ऐकतो. म्हणून चार वर्षांच्या मुलीला रोज पहाटे झोपेतून उठवून बोबड्या बोलांत म्हणायला लावतात, देवा, माझ्या आईला बरं कर. एके दिवशी आई जाते. बाप झोपलेल्या मुलीला उचलून घेतो, तिला जाग येते, आणि सवयीने, डोळे न उघडताच, ती तीच प्रार्थना म्हणते. कथा तिथेच संपते. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून किती तरी वेळ बसून राहिले होते.

कवितेचं बोलायचं तर ओपांच्या पिढीतल्या शिक्षिकेच्या तोंडी झुल्फिया असणारच. जन्म 1915, ताश्कंद. नवरा हमीद ओलिमजान हाही कवी, 1944 मध्ये मोटार अपघातात गेला, आणि ती पुढे 50 वर्षं त्याच्याशी कवितेत बोलत राहिली. 1956 मध्ये दिल्लीत आशियाई लेखकांची परिषद झाली, त्यावर तिची 'मुशाइरा' नावाची कविता आहे. ती ओपांकडून ऐका. तिच्याही मागे जायचं तर कोकंदची नादिरा आहे, खानाची विधवा, गझला लिहिणारी. 1842 मध्ये बुखाऱ्याच्या आमिराने कोकंद घेतलं आणि तिला मारलं. गाडी कोकंद स्टेशनात थांबली की तिची आठवण काढा.

1938 च्या त्या रात्रीबद्दल विचारावं का? विचारा, पण पहिल्या दिवशी नको आणि जेवणाच्या दस्तरखानावर नको. चार दिवस एकत्र चहा झाला की मग एवढंच: "चोल्पान तुम्ही पहिल्यांदा कधी वाचलात?" कादिरींची पुस्तकं 1956 नंतर परत आली, पण चोल्पानला मोकळेपणी वाचता यायला 1980 च्या दशकाची अखेर उजाडली. ओपांनी नोकरीची पहिली काही वर्षं त्याचं नाव न घेता साहित्य शिकवलेलं असू शकतं. ही आठवण एका शिक्षिकेने दुसरीला सांगायची असते. त्या गप्प राहिल्या तर तुम्हीही गप्प राहा. कादिरींच्या तुरुंगातल्या दिवसांवर हमीद इस्माइलोव यांची कादंबरी आहे, इंग्रजीत 2018 मध्ये आली. पण इस्माइलोव 1992 पासून देशाबाहेर आहेत आणि त्यांच्या पुस्तकांवर तिथे बंदी राहिलेली आहे. ती परत आल्यावर वाचा, सोबत नेऊ नका.

भेट काय न्यावी हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. तुमची आवडती एक मराठी कविता स्वतःच्या अक्षरात लिहून न्या, खाली मुलीकडून उझबेक अर्थ लिहून घ्या, आणि तिथे मोठ्याने म्हणा. वर्गात म्हणायचात तशी.

आणि 'ओत्कन कुनलार'ची मूळ प्रत अंदिजानमध्येच विकत घ्या, एक नव्हे दोन. उझबेक भाषेची लिपी एका शतकात तीनदा बदलली: अरबीवरून 1929 च्या सुमारास लॅटिन, 1940 मध्ये किरिल, 1993 च्या कायद्याने पुन्हा लॅटिन. पणजोबांचे मोडीतले कागद आपल्याला वाचता येत नाहीत, तसं तिथे आजीचं पुस्तक नातीला अडतं. ओपा शिकल्या त्या किरिलमध्ये, तुमची लेक पाट्या वाचते त्या लॅटिनमध्ये. दुकानात दोन्ही मागा. किरिलमधल्या प्रतीवर ओपांची सही घ्या आणि ती कराडला आणा. लॅटिनमधली लेकीच्या टेबलावर राहू द्या, पहिलं पान ओपांकडून तिला वाचून घ्यायला सांगा, सराईतल्या मेणबत्तीपर्यंत.